पाय टेकायला जागा

या वेळी चार पत्रं एकाच दुखण्याची आली. खेळ वेगळे, स्क्रिप्टिंगच्या भाषा वेगळ्या, पण रडगाणं एकच: खेळाडूला रँडम ठिकाणी उतरवायचंय आणि तो भलतीकडेच उतरतो. म्हणून आजचं सगळं सदर या एकाच विषयाला. ज्यांनी डेटाबेसबद्दल विचारलंय त्यांनी थोडी कळ काढा.

ताई, नमस्कार. 'काउंटर-स्ट्राइक: ग्लोबल ऑफेन्सिव्ह'च्या आमच्या डेथमॅच सर्व्हरसाठी मी सोर्समॉडमध्ये, म्हणजे सोर्स इंजिनवरच्या खेळांच्या सर्व्हरला जोड लावायच्या साधनात, प्लगिन लिहितोय. मेलेला खेळाडू मॅपवर कुठेही, रँडम जागी परत यावा, एवढंच हवंय. मी एक्स, वाय, झेड रँडम घेतो, तिथे भिंत आहे का ते ट्रेसने, म्हणजे इंजिनच्या आदळण्याच्या तपासणीने, बघतो, असली तर परत रँडम. जागा मिळेपर्यंत लूप चालूच. तरी कोणी भिंतीत अडकतो, कोणी आकाशातून पडून मरतो. परवा तर एकजण बुटक्या बुटक्या घरांच्या गावात पोचला आणि त्याला बाहेर यायला रस्ताच सापडेना. अधूनमधून सगळा सर्व्हरच गोठतो. कुठे चुकतंय? — त्रासलेला अ‍ॅडमिन

बुटक्या घरांपासूनच सुरुवात करते, कारण त्या गावात माझेही खेळाडू जाऊन आलेत. बऱ्याच वर्षांपूर्वी अगदी तुमच्यासारखाच प्लगिन लिहिला होता आणि मोठ्या थाटात सर्व्हरवर चढवला होता. प्रेक्षक म्हणून बघत बसले होते. एकजण चॅटमध्ये लिहीत होता, 'मी राक्षस झालोय का?' मला वाटलं, गंमत करतोय. त्याच्या डोळ्यांतून बघितलं तर समोर गुडघ्याएवढी इमारत!

तो असतो त्रिमितीय स्कायबॉक्स. मॅपमधले लांबचे डोंगर, इमारती, क्षितिज हे सगळं सोर्स इंजिनमध्ये सोळापट लहान करून त्याच मॅपच्या एका कोपऱ्यात वेगळ्या बंद खोलीत बांधून ठेवलेलं असतं. खेळताना ते मोठं करून मागे दाखवतात. आता तुमच्या कोडच्या नजरेतून त्या खोलीकडे बघा. तिथे हवा आहे, खाली जमीन आहे, भिंतीत काही अडकत नाही, आणि हा बिंदू जगाबाहेर आहे का असं 'टीआर_पॉइंटआउटसाइडवर्ल्ड'ला विचारलंत तर तेही 'नाही' म्हणतं. म्हणजे जागा सगळ्या परीक्षा पास! नापास तुमची प्रश्नपत्रिका आहे. तुम्ही विचारताय 'जागा रिकामी आहे का', आणि विचारायला हवं 'इथे कोणी चालत येऊ शकतो का'. हे दोन प्रश्न वेगळे आहेत, आणि दुसऱ्याचं उत्तर कुठल्याच ट्रेसमधून मिळत नाही. त्यावर तोडगा पुढे सांगते. आधी बाकीच्या तक्रारी निकालात काढू.

भिंतीत अडकणं. तुम्ही बहुधा किरण सोडताय, म्हणजे साधा रे ट्रेस. किरणाला जाडी नसते. दोन पेट्यांच्या मधल्या बोटभर फटीतून दोरा आरामात जातो, माणूस जात नाही. तुम्हाला हल ट्रेस हवा, म्हणजे खेळाडूच्या अंगाएवढा खोका घेऊन केलेली तपासणी. या खेळात उभ्या खेळाडूचा खोका 32 बाय 32 आणि उंची 72 युनिट. पण हे आकडे कोडमध्ये लिहू नका. 'गेटक्लायंटमिन्स' आणि 'गेटक्लायंटमॅक्स' यांना विचारा, म्हणजे उद्या तोच प्लगिन दुसऱ्या खेळावर नेलात तरी मोडणार नाही. 'टीम फोर्ट्रेस 2'चा खेळाडू यापेक्षा रुंद असतो. विचारताना खेळाडू वाकलेला नाही एवढं मात्र बघा, नाहीतर खोका बुटका मिळेल. ट्रेसची सुरुवात आणि शेवट एकाच बिंदूवर ठेवायचा. खोका जागच्या जागी कशाला लागला तर ती जागा बाद.

यात दोन खाचा आहेत. पहिली, सोर्समध्ये खेळाडूचा मूळबिंदू पावलांशी असतो. जुन्या गोल्डसोर्स इंजिनमध्ये, म्हणजे 'काउंटर-स्ट्राइक 1.6'च्या काळात, तो कमरेशी होता आणि खोका वर 36, खाली 36 असा मोजला जायचा. त्या काळातलं कोड उचलून आणलं असेल तर तुमचे सगळे हिशोब अर्ध्या माणसाने चुकलेले असणार. दुसरी खाच फिल्टरची. ट्रेसने स्वतःच्याच अंगाला आदळू नये म्हणून आपण फिल्टर देतो. पुष्कळजण तिथे 'एंटिटीचा क्रमांक मॅक्सक्लायंट्सपेक्षा मोठा असेल तरच आदळ' अशी ओळ डकवतात. एंटिटी म्हणजे खेळातली कुठलीही वस्तू, आणि त्यांत खेळाडूंचे क्रमांक मॅक्सक्लायंट्सपर्यंतच असतात, म्हणून या ओळीचा अर्थ सगळेच खेळाडू अदृश्य! मग दोघेजण एकमेकांच्या पोटात उतरतात आणि दोघांनाही हलता येत नाही. स्वतःला वगळायचं असेल तर फक्त स्वतःचाच क्रमांक वगळा.

आकाशातून पडणं सोपं आहे. जागा मिळाली की तोच खोका सरळ खाली सोडायचा आणि तो कुठे टेकतो ते बघायचं. टेकला त्या पृष्ठभागाचा नॉर्मल, म्हणजे त्याला लंब असलेली दिशा, 'टीआर_गेटप्लेननॉर्मल'ने घ्या. त्याचा उभा घटक 0.7 पेक्षा कमी असेल तर उतार साधारण 45 अंशांहून जास्त आहे. इंजिन अशा उतारावर खेळाडूला उभंच राहू देत नाही, तो घसरतो. टेकल्या जागेपासून एखादं युनिट वर उचलून मग उतरवा, नाहीतर जमिनीला चिकटलेला खोका पुढच्या तपासणीत 'अडकलाय' म्हणून दिसू शकतो. मारणारे ट्रिगर, म्हणजे दरीच्या तळाशी ठेवलेला अदृश्य यमदूत, घन नसतात. ट्रेस त्यांच्या आरपार जातो, त्यामुळे 'जमीन आहे' म्हणून उतरवलेला माणूस आगीतून फुफाट्यात जाऊन पडतो.

आता सर्व्हर गोठतो ते. तुमचा 'मिळेपर्यंत लूप' हा खरा गुन्हेगार. 64 टिकच्या, म्हणजे सेकंदाला 64 वेळा खेळ पुढे सरकवणाऱ्या सर्व्हरला एका टिकसाठी साडेपंधरा मिलिसेकंदांच्या आसपास वेळ असतो आणि तुमचा लूप सुटेपर्यंत बाकी सगळा खेळ दारात ताटकळत उभा राहतो. नशीब किती वाईट असू शकतं ते एकदा कागदावर काढून बघा. समजा मॅपच्या चौकटीतल्या शंभर रँडम बिंदूंपैकी दोनच चांगले निघतात. मॅपची चौकट म्हणजे इमारतींची पोटं, जमिनीखालचा ठोकळा आणि वरचं रिकामं आकाश हे सगळं धरून, त्यामुळे दोन हा अंदाज मुळीच कंजूष नाही. मग सरासरी 50 प्रयत्न लागतात. ठीक वाटतं ना? पण सरासरीच्या भरवशावर राहू नका. 100 प्रयत्न करूनही हाती काहीच न लागण्याची शक्यता 13 टक्के आहे, म्हणजे साधारण दर आठव्या स्पॉनला (खेळाडू उतरवण्याला). डेथमॅचमध्ये दर काही सेकंदाला कोणीतरी मरतं, तेव्हा हा आठवा प्रसंग मिनिटाभरातच येतो. म्हणून लूपला मर्यादा घालायचीच, आणि मर्यादा संपल्यावर काय करायचं तेही लिहायचं. पुष्कळांच्या कोडमध्ये हा दुसरा भाग नसतो. लूप संपतो आणि शेवटचा फसलेला बिंदूच वापरला जातो. तुमचे भिंतीतले अर्धे लोक तिथूनच येत असतील तर मला नवल वाटणार नाही.

आता राहिला मोठा प्रश्न: जागा पोचण्याजोगी आहे हे कसं ओळखायचं? बॉट, म्हणजे संगणकाचे खेळाडू, ज्यावरून चालतात तो नॅव्ह मेश (चालण्याजोग्या जमिनीचा नकाशा) हे एक उत्तर. चांगलं आहे, पण तो सोर्समॉडच्या थेट हाताशी येत नाही, त्यासाठी वेगळी जोड लागते. शिवाय खेळात 'एमपी_रँडमस्पॉन' नावाचं स्वतःचं सेटिंग आहेच. मॅप नेहमीचे असतील तर आधी ते चालू करून बघा, कदाचित प्लगिन लिहायची गरजच पडणार नाही. तुमचे मॅप बाहेरचे असतील असं धरून मी स्वतः जे करते ते सांगते.

मी जागा शोधतच नाही. खेळाडूंना चालू देते आणि त्यांची पावलं टिपते. जिथे कोणी आपल्या पायांनी चालत गेलाय तिथे पोचता येतं, हे वेगळं सिद्ध करायला नको. स्कायबॉक्समध्ये कोणी चालत जात नाही. भिंतीच्या पोटातही नाही.

दर दोन सेकंदांनी एक टायमर चालतो. प्रत्येक जिवंत खेळाडूसाठी बघायचं: पाय जमिनीला लागलेत का, वाकलेला तर नाही ना, हालचालीचा प्रकार साधं चालणं आहे ना. हे शेवटचं विसरलात तर कोणीतरी अ‍ॅडमिन नॉक्लिप लावून भिंतींतून भटकेल आणि तुमची यादी बाटवून ठेवेल. तो अ‍ॅडमिन मीच होते, हे वेगळं सांगायला नको. मग 'एम_एचग्राउंडएंटिटी' बघायचं, म्हणजे पायाखाली नेमकं काय आहे. शून्य, म्हणजे खुद्द जग असेल तरच जागा घ्यायची. नाहीतर वरखाली होणारी लिफ्ट आणि मित्राचं डोकं यांचीही नोंद 'जमीन' म्हणून होते, आणि तासाभराने कोणीतरी लिफ्टच्या रिकाम्या खड्ड्यावर अधांतरी प्रकटतो.

एवढ्यावर जागा यादीत टाकायची नाही. ती उमेदवार म्हणून त्या खेळाडूच्या नावावर ठेवायची आणि टायमरच्या पुढच्या फेरीला तो अजून जिवंत असेल तरच पक्की करायची. दरीच्या काठावरचं शेवटचं पाऊल हेही पाऊलच असतं! मरणाऱ्याची शेवटची जागा अशी आपोआप गळून जाते आणि मघाचे अदृश्य यमदूतही बहुतेक टळतात. चांगल्या जागी गोळी लागून मेला तरी त्याची जागा गळेल, पण त्याने बिघडत नाही. तिथून आणखी दहाजण जाणारच आहेत.

पक्की करण्याआधी यादीतल्या प्रत्येक जुन्या जागेपासून निदान 128 युनिट अंतर आहे ना ते बघा, नाहीतर गर्दीच्या दाराशीच तुमचे दोनशे बिंदू साचतील. अंतरं मोजताना वर्गमूळ काढू नका, वर्गांचीच तुलना करा. फरक लहान, पण फुकटचा आहे. आणि जागेबरोबर खेळाडू कुठल्या दिशेला बघत होता ते आडवं वळणही साठवा. वर-खालचा कोन शून्य करून टाका. हे मला फार उशिरा सुचलं. पळणारा माणूस मोकळ्या वाटेकडे तोंड करून पळतो, म्हणून त्याच दिशेला तोंड करून उतरवलेला खेळाडू नाक भिंतीला लावून उभा राहत नाही. आधी माझ्याकडे दिशाही रँडम होती आणि लोक शिव्या घालायचे. त्या मला उगाच वाटायच्या. नव्हत्या.

यादी मॅपच्या नावाने फाइलमध्ये लिहून ठेवा, एका ओळीत चार आकडे. नव्या मॅपवर पहिला काही वेळ यादी रिकामी असेल. 30 जागा जमेपर्यंत मॅपकर्त्याने ठेवलेले मूळ स्पॉन, म्हणजे उतरायच्या ठरलेल्या जागा, वापरा. मर्यादा संपल्यावरचं उत्तरही हेच: काहीच जमलं नाही तर मूळ स्पॉन. कंटाळवाणं आहे, पण माणूस भिंतीत जात नाही.

खेळाडू उतरवताना मग काम उरतं इवलंसं. यादीतून आठ जागा रँडम उचला, आठांवर हल ट्रेस करून सध्या तिथे कोणी उभं नाही ना ते बघा, आणि उरलेल्यांपैकी जिचा सगळ्यात जवळचा शत्रू सगळ्यात लांब आहे ती घ्या. ही युक्ती माझी नाही. चित्रांमध्ये नमुनाबिंदू सारखे पसरावेत म्हणून डॉन मिचेल यांनी 1991 मध्ये याच धर्तीची 'सर्वोत्तम उमेदवार' पद्धत मांडली होती. आठच का, सगळी यादी का नाही? कारण यादीभरातली सगळ्यात लांबची जागा शोधलीत तर ती जवळजवळ नेहमी मॅपचे दोन-तीन कोपरेच निघतात. चलाख खेळाडू आठवडाभरात ते ओळखतात आणि तिथे बंदूक रोखून बसतात. आठांतली सर्वोत्तम जागा पुरेशी चांगली असते, आणि तिचा अंदाज बांधता येत नाही. हवं तर शत्रूच्या डोळ्यांपासून त्या जागेपर्यंत एक साधा किरण सोडून ती त्याला दिसत नाही ना तेही बघा. इथे मात्र किरणच बरा, खोका नको.

ताई, माइनक्राफ्टच्या सर्व्हरसाठी रँडम टेलिपोर्टचा प्लगिन केलाय. एक्स आणि झेड रँडम, उंचीसाठी 'गेटहायेस्टब्लॉकअ‍ॅट'. लोक झाडांच्या शेंड्यांवर, नाहीतर भर समुद्रात पडतात. नेदर या खालच्या जगात सगळेच छपरावर जातात. आणि कोणी ही आज्ञा दिली की सगळ्यांनाच लॅग येतो. — ब्लॉकवाली

नेदरचं छप्पर बेडरॉकचं, म्हणजे न फुटणाऱ्या दगडाचं आहे आणि तोच तिथला सर्वात उंच ब्लॉक. तुम्ही विचारलंत त्याचं उत्तर बरोबरच आलं! नेदरमध्ये वरून बघायचंच नाही. लाव्हाच्या समुद्राची पातळी 31 आणि बेडरॉक 127 पर्यंत, तेव्हा मधल्या पट्ट्यात, साधारण 120 पासून खाली येत, 'खाली घन, वर दोन मोकळे' अशी तीन ब्लॉकची थप्पी शोधायची. खेळाडू 1.8 ब्लॉक उंच आणि 0.6 रुंद, म्हणून दोन मोकळे ब्लॉक पुरतात. मात्र त्याला ब्लॉकच्या मधोमध ठेवायचं. एक्स आणि झेड पूर्णांक आले की दोन्हींत 0.5 मिळवा. नाही मिळवलंत तर माणूस चार ब्लॉकांच्या कोपऱ्यावर उभा राहतो आणि शेजारच्या, कधीच न तपासलेल्या ब्लॉकमध्ये त्याचा खांदा घुसतो. 'तपासलं तरी गुदमरतात' अशा तक्रारी येतात त्यातल्या पुष्कळ या अर्ध्या आकड्याच्या असतात.

'मोकळा' म्हणजे काय यातही गोम आहे. बुकिट या प्लगिनच्या चौकटीचं 'इजपॅसेबल' एवढंच सांगतं की ब्लॉकला अंग आपटत नाही. पाण्याला आपटत नाही. लाव्हालाही नाही. म्हणजे लाव्हाने भरलेली विहीर त्याच्या लेखी मोकळी. द्रव वेगळा तपासा, आग वेगळी तपासा. खालचा ब्लॉक घन आहे एवढ्यावरही समाधान मानू नका. मॅग्मा घन असतो आणि पाय भाजतो, निवडुंग टोचतो. नको असलेल्यांची एक छोटी यादी हाताने लिहावीच लागते, ती टळत नाही.

वरच्या जगात उंची विचारताना कोणती उंची हवी ते सांगता येतं. 'मोशन_ब्लॉकिंग_नो_लीव्ह्ज' हा हाइटमॅप (उंचीची नोंद) पानं सोडून मोजतो, झाडाचे शेंडे गेले. समुद्रासाठी 'मोशन_ब्लॉकिंग' आणि 'ओशन_फ्लोअर' या दोन उंच्या घेऊन ताडून बघा. पहिलीत पाणी धरतात, दुसरीत नाही. दोन्ही सारख्या नसतील तर तिथे पाणी आहे, पुढची जागा घ्या.

लॅगचं कारण तुमचं गणित नव्हे, जमीन आहे. रँडम जागी बहुधा आजवर कोणी गेलेलंच नसतं, म्हणजे तो 16 बाय 16 चा चंक अजून जन्मालाच आलेला नाही. तुम्ही त्यातला ब्लॉक विचारला की सर्व्हर हातातलं काम टाकून ती जमीन घडवायला बसतो. सेकंदाला 20 टिक, प्रत्येकीला 50 मिलिसेकंद, आणि तुम्ही एका आज्ञेत दहा वेगवेगळ्या चंकांना हात लावता. 'पेपर' या प्रकारच्या सर्व्हरवर 'गेटचंकअ‍ॅटअसिंक' आहे. चंक मागवा, तो तयार झाल्यावर पुढची तपासणी करा, तोवर खेळाडूला 'जागा बघतोय' असं दाखवा. एका वेळी एकच मागवा. आणि एक चंक आलाच आहे तर त्यातला एकच रकाना तपासून फेकून देऊ नका. 256 रकाने फुकट मिळालेत, त्यातले आठ-दहा तरी बघून घ्या. त्याहून बरं म्हणजे सर्व्हर निवांत असताना 20 जागा शोधून रांगेत लावून ठेवा. आज्ञा आली की रांगेतली पहिली द्या, देताना एकदा पटकन तपासा (मधल्या काळात कोणी तिथे घर बांधलेलं असू शकतं) आणि मागून रांग भरत राहा.

तुम्ही पाठवलेल्या कोडमध्ये आणखी एक गोष्ट दिसली, जी तुम्ही विचारली नाहीत. कोन रँडम आणि केंद्रापासूनचं अंतरही रँडम घेऊन तुम्ही वर्तुळात जागा निवडता. तसं केलं की केंद्राजवळ दाटी होते. निम्मे लोक निम्म्या त्रिज्येच्या आत पडतात, आणि ते क्षेत्रफळ असतं फक्त पाव. अंतर काढताना शून्य ते एकमधल्या रँडम आकड्याचं वर्गमूळ घेऊन त्याला त्रिज्येने गुणा. मधला भाग वगळायचा असेल तर दोन्ही त्रिज्यांच्या वर्गांच्या मधला रँडम आकडा घेऊन त्याचं वर्गमूळ. पडताळा पाहायचा तर: 1000 ते 5000 च्या कड्यात निम्मे लोक 3000 च्या आत पडत असतील तर चुकलंय, ती सीमा 3606 च्या आसपास यायला हवी.

माझ्या मॅपवर मी हाताने 40 स्पॉन बिंदू नोंदवलेत. फेरी सुरू होताना दहाजणांसाठी रँडम बिंदू निवडते, मग सगळ्यांना एकदम टेलिपोर्ट करते. प्रत्येक बिंदू रिकामा आहे हे आधी तपासते. तरी जवळजवळ दर फेरीला दोघं एकमेकांत अडकतात. 40 जागा, 10 माणसं, एवढी टक्कर कशी? रँडम फंक्शन बिघडलंय का? — हिशोब न जुळणारी

रँडमला दोष देऊ नका, तो बिचारा बरोबर वागतोय. 40 जागांतून दहाजणांनी एकमेकांना न विचारता एकेक जागा उचलली, तर कुठेतरी दोघांची एकच जागा येण्याची शक्यता 70 टक्क्यांहून जास्त आहे. वर्गातल्या दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी निघतो, तोच हिशोब. आणि तुमची तपासणी निरुपयोगी आहे, कारण तपासता तेव्हा सगळ्या जागा खरंच रिकाम्या असतात. कोणी अजून उतरलेलंच नाही!

दर वेळी नव्याने निवडू नका. 40 जागांची यादी पत्त्यांसारखी पिसा आणि वरून एकेक वाटत जा, म्हणजे टक्करच होणार नाही. पिसण्याची रीत फिशर आणि येट्स यांची 1938 ची, संगणकाला सोयीचं रूप डर्स्टनफेल्ड यांनी 1964 मध्ये दिलं. शेवटच्या पत्त्यापासून सुरुवात करायची, तो स्वतः धरून त्याच्या आधीच्या कुठल्याही एका रँडम पत्त्याशी अदलाबदल, मग एक पाऊल मागे. इथे एक चूक सर्रास होते: प्रत्येक पत्त्याची अख्ख्या यादीतल्या कुठल्याही पत्त्याशी अदलाबदल. दिसायला तेच, पण तीन पत्ते घेऊन मोजा. या चुकीच्या रीतीने 27 वाटा होतात आणि मांडण्या सहाच. 27 ला 6 ने भाग जात नाही, म्हणजे काही मांडण्या जास्त वेळा येणारच. तुमच्या खेळाडूंच्या भाषेत, 'मला नेहमी तोच कोपरा मिळतो'.

रोब्लॉक्समध्ये वरून खाली रेकास्ट सोडून जमीन शोधतो. बहुतेक वेळा चालतं, पण मध्येच खेळाडू मोठ्या खडकाच्या पोटात सापडतो. रेकास्टला खडक दिसत नाही का? — शिकाऊ

किरण जिथून निघतो तो बिंदूच खडकाच्या आत असेल तर नाही दिसत. ज्या पार्टच्या, म्हणजे रोब्लॉक्समधल्या घन तुकड्याच्या, पोटातून रेकास्ट सुरू होतो तो पार्ट त्याला लागत नाही, असाच त्याचा नियम आहे. मग तो खडकाखालची जमीन गाठतो आणि तुम्हाला वाटतं, मिळाली. सगळ्यात उंच खडकाच्याही वरून सुरुवात करा, हा झाला अर्धा उपाय. गुहेत किंवा घरात उतरवायचं असेल तर तो चालत नाही. तिथे जमीन मिळाल्यावर खेळाडूएवढा खोका त्या जागी ठेवून 'गेटपार्टबाउंड्सइनबॉक्स'ला विचारा आणि उत्तर रिकामं आलं तरच जागा घ्या. खोका जमिनीपासून किंचित वर उचलून ठेवा, नाहीतर जमीनच उत्तरात येईल आणि एकही जागा पास होणार नाही. ही तपासणी पार्टच्या भोवतालच्या चौकटीवर चालते, त्यामुळे वाकड्यातिकड्या खडकाशेजारची एखादी चांगली जागाही बाद होईल. होऊ दे. मॅपवर जागा पुष्कळ असतात. नेमकं त्याच अरुंद कोनाड्यात उतरवायचं असेल तरच 'गेटपार्ट्सइनपार्ट' वापरा. ते खऱ्या आकारावर बघतं, आणि तेवढं जास्त कामही करतं.